स्वाध्याय, देह आणि अनध्याय

वर्गाबाहेर, स्वतःच्या हिमतीवर, पुस्तके, व्हिडिओ-पाठ आणि हातचा सराव यांच्या आधाराने एखादे तांत्रिक कौशल्य मिळवणे म्हणजे तंत्रविद्येचा स्वाध्याय. संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा, विजेच्या मंडलांची जोडणी, वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती, हिशेबाचे सॉफ्टवेअर अशा अनेक विद्या आज या वाटेने शिकल्या जातात. या अभ्यासाला शाळेची घंटा नसते आणि सुट्टीही नसते. तो नोकरीनंतर उरलेल्या वेळात होतो आणि बहुधा झोप, जेवण व चालणे-फिरणे यांच्या वाट्याचा वेळ घेतो. वेळेची ओढाताण हा या प्रश्नाचा वरचा थर झाला. त्याच्या मुळाशी एक धार्मिक-तात्त्विक प्रश्न आहे. शरीर सांभाळणे हा विद्यार्थ्याच्या कर्तव्याचाच भाग आहे, की कर्तव्यातून घेतलेली सूट? शरीराला कष्टवून मिळवलेली विद्या अधिक पुण्याची असते का?

पेडणे आणि डिचोलीची पार्श्वभूमी

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. नव्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखातील, या भागात देवळे, जत्रा, भजने आणि मराठीतून चालणारे धर्मचिंतन टिकून राहिले. येथील श्रमाचे स्वरूप मात्र गेल्या काही दशकांत पालटले. डिचोली तालुक्यात लोहखनिजाचे उत्खनन, ट्रक आणि बार्ज यांवर असंख्य घरे चालत. सप्टेंबर २०१२मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. खाणीवर अवलंबून असलेल्या अनेकांना ऐन उमेदीत दुसरा धंदा शिकावा लागला.

पेडण्यात बदल वेगळ्या वाटेने आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन झाले. एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, अहोरात्र जागणारे यंत्रकेंद्र आणि दिनचर्या शिकवणाऱ्या शास्त्राची संस्था उभी राहिली. शेतात, कुळागरात किंवा खाणीवर राबणाऱ्या पिढीला व्यायामाची वेगळी आठवण करून द्यावी लागत नव्हती. त्यांच्या मुलांचा अभ्यास आणि बऱ्याच अंशी रोजगारही खुर्चीत बसून होतो. शरीराकडे मुद्दाम लक्ष देण्याची गरज या पिढीला प्रथमच एवढ्या तीव्रतेने भासू लागली.

तंत्रविद्या स्वाध्यायात मोडते का?

तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली सत्य, तप, इंद्रियसंयम, अतिथिसेवा, संतती अशा प्रत्येक कर्तव्यासोबत स्वाध्याय आणि प्रवचन यांचा पुन्हा पुन्हा उल्लेख करते. घरी निघालेल्या शिष्याला आचार्य स्वाध्यायात हयगय न करण्याची ताकीद देतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन यांचे तप वेगवेगळे सांगितले असून स्वाध्यायाचा अभ्यास वाणीच्या तपात घातला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असे पाच नियम येतात. शरीराची स्वच्छता आणि स्वतःचा अभ्यास येथे एकाच यादीत आहेत.

तरीही एक आक्षेप उरतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य स्वाध्याय म्हणजे मोक्षशास्त्रांचे अध्ययन किंवा प्रणवाचा जप असे सांगते. या व्याख्येत संगणकभाषा किंवा विद्युतयंत्रे बसत नाहीत. पण परंपरेने व्यवहारविद्यांच्या अध्ययनालाही विधी घालून दिले आहेत, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आयुर्वेद आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत: अध्ययन, अध्यापन आणि त्याच विद्येच्या जाणकारांशी चर्चा. अध्ययन करणाऱ्याने पहाटे उठावे, शरीराचे विधी उरकावेत, देव आणि गुरू यांना वंदन करावे, सपाट व स्वच्छ जागी सुखाने बसावे आणि सूत्र अर्थासह पुन्हा पुन्हा घोळवावे, असा क्रम तेथे आहे. अभ्यासाचा हेतूही सांगितला आहे: स्वतःचे दोष काढावेत आणि दुसऱ्याचे दोष ओळखता यावेत. सुश्रुतसंहिता तर शल्यक्रिया शिकणाऱ्याने कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर छेदनाचा सराव करावा असे सांगते. पुस्तकी ज्ञान कितीही असले तरी हाताला सराव नसेल, तर असा माणूस कामाच्या योग्यतेचा होत नाही, हा तिचा निर्णय आहे.

म्हणजे तांत्रिक अभ्यास मोक्षशास्त्राची जागा घेत नाही, पण त्यालाही शिस्त, हेतू आणि शुचिता यांची चौकट लागू होते. ज्या विद्येत हात, डोळा आणि अवधान ही हत्यारे आहेत, तिच्यात शरीराची दुरवस्था म्हणजे हत्याराचीच दुरवस्था होय.

शरीर हे साधन: या विचाराचे बळ आणि मर्यादा

शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हा विचार संस्कृत वाङ्‌मयात सुपरिचित आहे. पतंजलींनी चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले, त्यांत पहिला व्याधी आहे. संशय, प्रमाद आणि आळस त्यानंतर येतात. गीतेचा सहावा अध्याय अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, अति झोपणारा आणि अति जागणारा अशा चौघांनाही योगातून वगळतो. चरकसंहिता आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हणते आणि सुख-दुःख, बळ-दुर्बळता यांच्याबरोबर ज्ञान व अज्ञानही झोपेवर अवलंबून असल्याचे नोंदवते. शिकलेले झोपेत पक्के होते, असे आजचे स्मृतिविज्ञानही सांगते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाठांतर एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर वाटून घेतले तर कमी आवर्तनांत साधते असे आढळले होते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणूनच दुहेरी तोट्याचे ठरते. त्यात आवर्तनांमध्ये अंतर पडत नाही आणि झोपही मिळत नाही.

मात्र शरीर केवळ साधन आहे असे मानले, तर एक अडचण उभी राहते. साधन झिजवूनच वापरायचे असते. साध्य मोठे असेल तर ते मोडले तरी चालेल, असा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या कोसंबींनी १८९९च्या अखेरीस ज्ञानासाठी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा प्रवास हालअपेष्टांत करून ते पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचे जागतिक कीर्तीचे अभ्यासक झाले. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रातून विद्येसाठी देह किती सोसू शकतो हे कळते. पुढे सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. वार्धक्यातील एका विरक्ताचा तो निर्णय होता. विद्यार्थ्यासाठी तो नमुना होऊ शकत नाही. पण देहाचे मूल्य केवळ उपयोगावर ठरवले, तर विचार कोठवर जाऊन पोचतो याची जाणीव तो करून देतो.

कोसंबींनी आयुष्यभर ज्या ग्रंथाचा व्यासंग केला, त्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ मध्ये मात्र वेगळी दिशा सापडते. ध्यान करणाऱ्यासाठी तेथे सात अनुकूल गोष्टी सांगितल्या आहेत: निवास, भिक्षेचे गाव, बोलणे, सोबत, भोजन, ऋतुमान आणि शरीराची स्थिती. एकाला गोड अन्न मानवते, दुसऱ्याला आंबट. एकाचे चित्त बसून स्थिरावते, दुसऱ्याचे चालताना. काय अनुकूल आहे हे ज्याने त्याने काही दिवस पारखून ठरवायचे असते. येथे देह हा हुकूम पाळणारा नोकर राहत नाही. अभ्यास नीट चालला आहे की नाही, याची साक्ष तोच देतो.

बुद्धचरित्रातील सोण नावाच्या भिक्षूची कथा हेच सांगते. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तरी चित्त शांत होईना. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजते का, असे बुद्धाने त्याला विचारले. सोण पूर्वी वीणावादनात कुशल होता. त्याला त्याच्याच विद्येतून उत्तर मिळाले.

नाथपंथाचा दृष्टिकोन

देह हा अभ्यासाचा भागीदार आहे, या विचाराची पेडण्याच्या परिसरात स्वतंत्र परंपरा आहे. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) हे बांद्याचे. त्यांच्या घराण्याचे मूळ पेडण्यातील पालये गावी सांगतात. पेशाने कुळकर्णी असलेल्या या गृहस्थाला गहिनीनाथांचा अनुग्रह झाल्याची परंपरा आहे. ‘महदनुभवेश्वरी’, ‘अक्षयबोध’, ‘सिद्धांतसंहिता’ हे त्यांचे ग्रंथ अद्वैत आणि योग यांची सांगड घालतात. पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिले आहे.

नाथपंथात देह तुच्छ मानून बाजूला ठेवलेला नाही. आत्मानुभव ज्या देहात यायचा, त्याचीच आधी मशागत करायची, ही हठयोगाची भूमिका आहे. नाथपरंपरेतील ‘हठप्रदीपिका’ योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगते: अति आहार, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, लोकांची फार संगत आणि चंचलता. स्वाध्याय करणाऱ्याने यांतल्या दोन विशेष लक्षात घ्याव्यात. अति श्रम हा तेथे गुण मानलेला नाही, दोष मानला आहे. अठरा तास पडद्यासमोर बसण्याची प्रौढी या कसोटीला उतरत नाही. दुसरा दोष नियमांच्या हट्टाचा. घड्याळात पावले मोजणे, उष्मांकांचा हिशेब ठेवणे, झोपेचे गुण तपासणे यांतच मन गुंतले, तर आरोग्याची सवयही अभ्यासातला अडथळा होते. एक विद्येसाठी देह विसरला, दुसरा देहासाठी विद्या विसरला. दोघांचाही तोल सुटलेलाच असतो. आहाराबाबत याच ग्रंथाचा सल्ला पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्याचा आहे. तो पाळायला कोणतेही उपकरण लागत नाही.

व्रत आणि त्याची समाप्ती

धर्मात कष्ट, उपवास आणि जागरण यांना मोठे स्थान आहे, मग रात्री जागून केलेल्या अभ्यासालाच दोष का द्यावा, असे विचारता येईल. त्याचे उत्तर व्रताच्या रचनेत आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. देवीचे व्रत घेणारे भक्त, म्हणजे धोंड, जत्रेआधी काही दिवस व्रतस्थ राहतात. सोवळे पाळतात, स्नान करून जेवतात, मासे-मांस व मद्य वर्ज्य करतात आणि शेवटी होमकुंडातून चालत जातात. हे व्रत खडतर आहे, पण त्याला ठरलेला आरंभ आहे आणि ठरलेला शेवटही. पेडण्याच्या भगवतीची प्रसिद्ध पुनव कोजागरीला येते आणि जागरणही त्या तिथीपुरतेच असते. गावच्या जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर रंगते, तेही वर्षातल्या ठरावीक रात्री. एकादशीच्या उपवासामागून द्वादशीचे पारणे येते, आणि पारणे चुकवणे हा व्रताचाच भंग मानला जातो.

मोबाइलच्या पडद्यासमोरील जागरणाला तिथी नसते. एक पाठ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. एक तंत्र हाताशी येईपर्यंत त्याची नवी आवृत्ती बाहेर पडते. असे कष्ट बाह्यतः तपासारखे दिसतात, पण त्यांना संकल्प नसतो आणि पारणेही नसते. गीतेनेही अविचाराने देहाला क्लेश देणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. कष्टाचे मोल त्याच्या मापावर ठरत नाही, मर्यादेवर ठरते, असा याचा अर्थ होतो.

अनध्याय

अध्ययनाची मर्यादा परंपरेने नुसत्या उपदेशावर सोडली नाही, तिचा नियमच केला. त्याला अनध्याय म्हणतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वेदाध्ययन कधी थांबवावे याची लांबलचक यादी आहे. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या व पौर्णिमा या तिथी, वादळ, विजांचा कडकडाट अशी अनेक निमित्ते तीत येतात. प्रतिपदा व अष्टमीची सुट्टी वेदपाठशाळांच्या परिचयाची आहे. महत्त्वाचे म्हणजे सुश्रुतसंहिता हाच नियम वैद्यकाच्या अभ्यासालाही लावते. पक्षातल्या ठरावीक तिथी, पहाट व सायंकाळ या दोन्ही संध्या, अवकाळी गडगडाट आणि मोठे उत्सव या वेळी शिष्याने अध्ययन करू नये, असे ती सांगते. तांत्रिक विद्येच्या अभ्यासालाही सक्तीची विश्रांती असावी, हे येथे ग्रंथाधाराने दिसते.

या नियमांमागची कारणे धार्मिक आहेत, पण परिणाम व्यवहारातला आहे. थांबण्याचा निर्णय थकलेल्या विद्यार्थ्याच्या इच्छेवर सोपवलेला नाही. तो पंचांगाने आधीच घेतलेला असतो, त्यामुळे थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही. ज्यू परंपरेतील शब्बाथ आणि ख्रिस्ती रविवार यांच्या मागेही हीच व्यवस्था आहे. भारतात १९४८च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व साप्ताहिक सुट्टी घातली. एकट्याने शिकणाऱ्याला असे पंचांग नाही आणि असा कायदाही नाही. त्यामुळे अनध्याय त्याला स्वतःच ठरवून घ्यावा लागतो.

अनध्यायाला एक अपवादही आहे. रोजचा नित्य स्वाध्याय अनध्यायाच्या दिवशीही थांबत नाही, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. नवा पाठ बंद, पण नित्याचे थोडेसे पठण चालूच, अशी ही दुपदरी रचना आहे. तांत्रिक अभ्यासाला ती जशीच्या तशी लावता येते. आठवड्यातून एक दिवस नवे काही शिकायचे नाही, मोठे काम हाती घ्यायचे नाही, पण आदल्या दिवशीच्या पाठाची पाव तास उजळणी करायची. आरोग्याच्या सवयींनाही तीच रचना लागू पडते. आजारपणात किंवा परीक्षेच्या आठवड्यात लांब फेरी सोडता येते. घराभोवतीचे दहा मिनिटांचे चालणे सोडायचे नसते.

दिनचर्येत उतरवताना

या विवेचनातून निघणारे नियम थोडे आहेत. पहिला नियम झोपेचा. प्रौढ माणसाने रात्री किमान सात तास झोपावे, असे आजचे वैद्यक सुचवते. विमानतळावर किंवा कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला ते रात्री जमत नाही. चरकसंहितेत दिवसा झोपणे एरवी निषिद्ध आहे, पण सूट दिलेल्यांच्या यादीत अध्ययनाने, प्रवासाने आणि जागरणाने थकलेले लोक स्पष्टपणे येतात. रात्रपाळीनंतर अंधाऱ्या खोलीत घेतलेली दिवसाची झोप आळसात मोडत नाही.

दुसरा नियम हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. याचा अर्थ रोज सुमारे २१ ते ४३ मिनिटे भरभर चालणे. आयुर्वेद ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करायला सांगतो. दिवसभर बसणाऱ्याला सुरुवात करण्यासाठी ते माप सोयीचे आहे. डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्यास सांगतात. गावातल्या घराच्या व्हरांड्यातून समोरचे माड पाहिले तरी तेवढे काम होते.

तिसरा नियम अन्नाचा. गोव्यातील कष्टकरी घरात सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज होत असे. न्याहारी आणि जेवण यांच्या मधला हा थांबा कामाची लय ठरवत असे. पेज प्यायलाच हवी असे नाही, पण जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी पडदा बंद असावा. चौथा नियम संगतीचा. चरकाने सांगितलेली जाणकारांशी चर्चा एकट्याच्या अभ्यासात गळून जाते. डिचोली किंवा पेडणे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला शिक्षक, वर्कशॉपमधला जुना मेस्त्री, त्याच विषयाचा सोबती यांच्याशी आठवड्यातून एकदा बोलणे झाले, तर चार रात्रींचा गोंधळ तासाभरात सुटू शकतो आणि झोप वाचते.

उरलेले आक्षेप

हे सारे सोय असणाऱ्यांसाठी ठीक आहे, हा एक आक्षेप. दिवसभर काम, सकाळ-संध्याकाळ बसचा प्रवास आणि घरची जबाबदारी असणाऱ्याने अनध्याय कुठून आणावा? हा आक्षेप खरा आहे. परंपरेत अनध्याय पाळण्याची जबाबदारी एकट्या शिष्यावर नव्हती. ती गुरुकुलाची आणि समाजाची होती. आज तिचा वाटा काम देणाऱ्याने, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने आणि घराने उचलायला हवा. शिकण्यासाठी कामाच्या वेळातून तास देणे, घरकामाची विभागणी करणे हे त्याचे आजचे रूप होय. विशेषतः शिकणाऱ्या सुनेच्या वाट्याला घर आणि अभ्यास दोन्ही येतात, तेव्हा तिच्या झोपेचा प्रश्न एकटीच्या शिस्तीने सुटत नाही.

दुसरा आक्षेप वैराग्याचा आहे. देह नश्वर आहे, मग त्याची एवढी चिंता का? संतपरंपरेत देहाची क्षणभंगुरता आणि नरदेहाची दुर्मीळता ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी येतात. देह टिकणारा नाही म्हणून त्याची आसक्ती धरू नये, आणि पुन्हा मिळेल याची खात्री नाही म्हणून तो वाया घालवू नये, असे दोन्ही मिळून सांगतात. समर्थ रामदासांनी मारुतीची उपासना आणि बलोपासना यांना एकत्र आणले, तेव्हा वैराग्य आणि व्यायाम यांत त्यांना विरोध दिसला नव्हता.

तिसरा आक्षेप असा की काही काळ सर्वस्व पणाला लावल्याशिवाय मोठी विद्या येत नाही. व्रताच्या नियमाने त्याचे उत्तर मिळते. सर्वस्व पणाला लावण्याचा काळ असू शकतो, मात्र त्याचा आरंभ, त्याची मुदत आणि त्यानंतरची विश्रांती आधी ठरवलेली असावी. परीक्षेआधीचा महिना व्रतासारखा घालवता येतो, पण सारे वर्ष व्रतात काढता येत नाही.

आरोग्याची सवय स्वाध्यायाच्या आत मोडते, हा या साऱ्याचा निष्कर्ष आहे. दोन्ही नियमांच्या एकाच यादीत आहेत, दोन्हींना नित्याचा थोडा भाग आणि नैमित्तिक मोठा भाग आहे, आणि दोन्हींचा अतिरेक सारखाच दोषास्पद आहे. किती शिकावे याचे माप विद्या देते, कोठे थांबावे याचे माप देह देतो. स्वाध्याय करणाऱ्याला ही दोन्ही मापे वापरता यावी लागतात.